थांब्याबाहेर

गाडी थांबली तेव्हा संध्याकाळचे सहा वाजून चार मिनिटं झाली होती, आणि तिथं थांबा नव्हता. घडलं ते एवढंच. कुणी पडलं नाही, काच तडकली नाही. मागं दांडीला धरून उभ्या असलेल्या एका माणसाच्या हातातली कागदी पिशवी निसटली आणि तिच्यातले सात-आठ बटाटे मधल्या वाटेवरून घरंगळत थेट ड्रायव्हरच्या अर्ध्या दरवाज्यापर्यंत आले. धम्मपालनं बटण दाबलं, पुढचं दार उसासा टाकून उघडलं, गाडी उजव्या अंगाला जराशी झुकली, आणि बाहेर, रस्त्यालगतच्या वाफ्यात, पांढऱ्या केसांची एक बाई हात वर करून उभी होती. "या, बसा पटकन," तो म्हणाला. आपण हे मराठीत म्हणालो, हे त्याला नंतर कळलं. बाई आली नाही. तिचा हात हळूहळू खाली आला आणि दुसऱ्या हातानं तिनं तो धरून ठेवला. गाडीतली माणसं काही बोलली नाहीत, तेच त्याला जास्त लागलं. तिकडे, धुळ्याच्या लाईनवर, चाळीस जणांनी चाळीस गोष्टी सुनावल्या असत्या, ड्रायव्हरचा बाप काढला असता आणि पुढच्या गावापर्यंत विसरूनही गेले असते. इथं नुसता तो बटाटेवाला खाली वाकून एकेक बटाटा उचलत होता आणि प्रत्येक बटाट्यामागं 'माफ करा' म्हणत होता. वरच्या स्पीकरमधून नियंत्रण कक्षातल्या बाईनं विचारलं, "एकोणीस, तुम्ही का उभे आहात?" आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती. "काही नाही, निघालो," तो म्हणाला, तेवढं मात्र जर्मनमध्ये, आणि त्यानं दार लावलं.

दुसऱ्या दिवशी डेपोत त्याच्या नावाच्या खणात, कालच्या थांबण्याचा खुलासा मागणारा एक कागद पडलेला होता. सहा रकाने. गुरुवारी सकाळी नऊपर्यंत भरून द्यायचा. धम्मपाल जानेवारीत इथं, जर्मनीत, आला. चार महिने परवान्याच्या शिकवणीत गेले, लाईनवर लागून पाच आठवडे झाले. जूनअखेर त्याचा तपासणीचा काळ संपणार होता. मग कायम केल्याचं पत्र मिळणार, ते पत्र धुळ्याला जाणार, आणि त्या पत्रावर बायकोचे आणि लेकीचे, मृणालीचे आणि रूपाचे, कागद हलणार. रूपाची चौथी झाली होती. पाचवीसाठी शाळा बदलायचीच होती, म्हणून मृणालीनं तिला धुळ्यात कुठं घातलंच नव्हतं. पाचवी जर्मनीतच, ती सगळ्यांना सांगत सुटली होती. आता हे सगळं त्या सहा रकान्यांतून जाणार होतं.

*नाव आणि क्रमांक*

हा रकाना सोपा, तरी त्याला वेळ लागला. धम्मपाल भिका बैसाणे. आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यानं हे नाव तीसेक ठिकाणी लिहिलं असेल, नगरपालिकेत, बँकेत, घरमालकिणीच्या करारावर, आणि दर वेळी लिहून झालं की तो समोरच्याच्या तोंडाकडे बघायचा. सवयीनं. तिकडे आडनाव सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांत अर्धा क्षण काहीतरी जुळवाजुळव व्हायची, कुठलं गाव, गावातली कुठली बाजू, आणि मग चेहरा पूर्वीसारखा व्हायचा, किंवा व्हायचा नाही. त्या अर्ध्या क्षणाची त्याला जन्मापासून इतकी सवय, की इथं तो आलाच नाही तेव्हा मोकळं वाटायच्या आधी चुकल्यासारखं वाटलं. भरलेली समजून रिकामी कळशी उचलावी आणि हात झटकन वर जावा, तसं. घरमालकिणीनं नाव दोनदा वाचलं, यातलं हाक मारायचं कुठलं असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच ठरवलं, पाल. तेव्हापासून तो या गावात पाल होता. हलकं नाव. कुणी हाक मारली की तो उशिरानं वळायचा. घरात त्याच्याबरोबर भटू राहायचा, शिरपूर तालुक्यातल्या पाटलांच्या घरचा, एसटीतला ड्रायव्हर, त्याच्याबरोबरच भरती होऊन आलेला. दोघांत दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. पहिल्या दिवशी भटूनं कणीक मळली आणि धम्मपालनं पोळ्या लाटल्या, तेव्हा दोघांनाही काहीतरी बोलावंसं वाटलं, आणि दोघंही हवेबद्दल बोलले. थंडी लई आहे. हो, थंडी लई आहे.

नाव लिहिलं. क्रमांक लिहिला. एवढं खरं होतं.

*वेळ*

सहा चार. इथल्या उजेडाचा त्याला अजून अंदाज येत नव्हता. सहा वाजता दुपारच, आणि सूर्य साडेनवापर्यंत हटूनच बसायचा. पोटाला कळायचं नाही कधी भूक लागायची ते. तो घड्याळ बघून जेवायचा आणि जेवताना खिडकीतून उन्हाकडे बघायचा, कुणी परका माणूस घरात बसलेला असताना जेवावं तसा अवघडून. घड्याळाचं इथं वेगळंच होतं. चोपडा डेपोत 'सहाची' हे गाडीचं नाव होतं. सहाची सातला आली तरी सहाचीच, लोक म्हणायचे सहाची आज सातला आली, आणि त्यात कुणाला काही विचित्र वाटायचं नाही. इथं मिनिटाला किंमत. उशीर झाला तर एकवेळ चालेल, पण लवकर निघायचं नाही, हे शिकवणाऱ्या म्हाताऱ्या ड्रायव्हरनं पहिल्याच दिवशी सांगितलं. उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघता येते, तो म्हणाला, लवकर गेलेल्या गाडीची बघता येत नाही. धम्मपालला हे फार आवडलं. दोन दिवस तो हेच घोळवत होता. आपल्याकडे हे कुणी कसं सांगितलं नाही.

आणि पाठीमागं कंडक्टर नाही. याची सवय होणं सगळ्यांत अवघड. तेरा वर्षं एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. तेरा वर्षं त्याच्या उजव्या पायाला हुकूम मागून यायचा, डोक्यातून नाही. आता दार तोच उघडणार, तोच लावणार, निघायचं हेही तोच ठरवणार. पहिल्या आठवड्यात दार लावून तो नुसता बसून राहायचा. मागचे लोक बघायचे. त्याला वाटायचं, अजून डबल बेल कुठं पडलीय. गाडी मात्र देखणी. इंजिनाचा आवाज नाही, हादरा नाही, काठी घेतलेला म्हातारा दाराशी आला की बटण दाबावं आणि अख्खी बारा टनांची गाडी त्याच्यासाठी एका अंगानं खाली बसते. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा त्यानं मृणालीला फोन करून सांगितलं, इथं गाडी वाकते. कुणापुढं? म्हाताऱ्यांपुढं. मृणाली म्हणाली, "मग तुम्ही पण शिकून घ्या थोडं."

हॉर्न आहे. पाच आठवड्यांत एकदाही वाजवला नाही. अंगठा मात्र जागच्या जागी हलतो, वळणावर, बैल नसताना, मेंढरं नसताना.

*ठिकाण*

कोणत्या दोन थांब्यांच्या मध्ये, असं खाली बारीक अक्षरात होतं. त्यानं डोळे मिटून गाडी सुरू केली. रेल्वे स्टेशन, नगरपालिका, चर्च, दवाखाना, मग जुनी गिरणी, मग बागेचा रस्ता, मग वळण, मग अमळनेर नाका, मग. नाही. मग स्मशानभूमी, इथली, जिच्यात लोक बाकांवर बसून पुस्तकं वाचतात. डोळे मिटले की दोन्ही लाईनी एकाच रस्त्यावर यायच्या. चोपडा–धुळे सकाळची सहाची. तिच्या थांब्यांची नावं कागदावर वेगळी होती आणि गाडीत वेगळी: जिथं शाळेची पोरं चढतात तो, जिथं दुधाचे कॅन, जिथं सपकाळे मास्तर रोज धावत येतात, जिथं कुंदाबाई हात दाखवते. थांबा म्हणजे जागा नव्हती, माणूस होता. माणूस चार पावलं पुढं उभा असला तर थांबा चार पावलं पुढं सरकायचा. इथं उलटं. काचेची पेटी, आत बाक, वर वेळापत्रक, आणि माणूस नसला तरी थांबा आहेच. रविवारी सकाळी तो असल्या सात-आठ रिकाम्या थांब्यांवरून जायचा, आणि प्रत्येक पेटीतला स्वच्छ रिकामा बाक त्याच्याकडे बघायचा. रिकाम्या जागेला एवढी शिस्त. त्याला ते आवडायचंही आणि खुपायचंही. दोन्ही एकदम.

बागेचा रस्ता आणि स्मशानभूमी यांच्या मध्ये, त्यानं लिहिलं. अंदाजे तीनशे मीटर.

*घटना*

इथं सगळ्यांत मोठी जागा सोडलेली होती. घटना अशी, की एका बाईनं हात वर केला.

घटना अशी, की बारा वर्षांपूर्वी एका बाईनं हात वर केला. (हे अर्थात त्यानं लिहिलं नाही.) चोपड्याहून निघालेली सहाची म्हणजे अर्धी प्रवाशांची आणि अर्धी डब्यांची. धुळ्याला कॉलेजात, नर्सिंगला, आयटीआयला शिकणाऱ्या पोरापोरींचे डबे फाट्याफाट्यावर चढायचे. आया फडक्यात बांधलेले डबे घेऊन अंधारात उभ्या असायच्या, हात दाखवायच्या, गाडी थांबायची. डबा खिडकीतून आत. नाव सांगायला लागायचं नाही, फडक्याची गाठ ओळखू यायची. ड्रायव्हरच्या बाजूला इंजिनाचं झाकण तापलेलं असायचं, डबे त्यावर ठेवायचे, म्हणजे धुळ्यापर्यंत भाकरी गरम. अमळनेर गेलं की केबिनमध्ये लसणाचा, कळण्याच्या भाकरीचा, मधूनच वांग्याच्या भरताचा वास सुटायचा आणि त्याचं पोट गुरगुरायचं. कंडक्टर हिलालआप्पा वासावरून डबा सांगायचे. हा मास्तरच्या पोराचा. हा उषाचा, तिची आई तेल जास्त घालते. आणि कुंदाबाईचा निळ्या फडक्यातला डबा हातात आला की म्हणायचे, "हा आपला घरचा." कारण धुळ्याच्या स्टँडवर तो डबा घ्यायला मृणाली यायची, आणि इतर डबे हिलालआप्पा खिडकीतून वाटायचे तरी तो एक डबा द्यायला ड्रायव्हर स्वतः खाली उतरायचा.

एकदा कुंदाबाईनं हात दाखवला आणि हातात डबा नव्हता. त्यानं गाडी थांबवली. पन्नास माणसं आत. ती खिडकीखाली आली आणि म्हणाली, "आज गिरणी बंद व्हती, दळण नही. पोरीले सांग, मेसमा जेव." एवढंच. हा निरोप घेऊन गाडी निघाली. कुणी म्हणालं नाही की एवढ्यासाठी गाडी कशाला. मागून हिलालआप्पा मात्र म्हणाले, "सासूबाईनी हात काय दखाडा, तू त ब्रेकवर उभाच ऱ्हाई गया. चला जावई, हाका आते." आणि डबल बेल. अजून तेव्हा मृणालीशी त्याचं धड बोलणंही झालं नव्हतं. गाडीतली माणसं हसली, त्याच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या, आणि त्यानं धुळ्याला उतरून तिला सांगितलं, "आज डबा नाही. दळण नव्हतं." ती म्हणाली, "मग तुम्ही खाली कशाला उतरलात?"

त्याच्या हातात पेन होतं आणि कागद कोरा होता. प्रवासी थांब्याबाहेर उभी असताना, त्यानं लिहिलं. खोडलं. ती प्रवासी नव्हती. एक बाई रस्त्याकडेला. खोडलं. रस्त्याकडेला म्हणजे किती कडेला, असं विचारतील. त्यानं भटूकडून दुसरा कागद मागून घेतला. भटूकडे तीन होते. सुरुवातीलाच जास्तीचे आणून ठेवले होते त्यानं, लागतात म्हणून.

*कारण*

"तू असं लिख," भटू कांदा चिरता चिरता म्हणाला. "बाई रस्तावर उतरनी व्हती. अंगावर येवाले नको म्हनीसन ब्रेक मारा. बठ्ठा मिटी जाई."

"उतरली नव्हती ती."

"कोन देखस तठे?"

"मी बघितलं ना."

"मंग तू नको देखू." भटूनं चाकू पाटावर ठेवला. तो चिडला नव्हता, समजावत होता, घरच्यासारखा. "खरं लिखीसन तुले काय भेटी? नारळ भेटी हातमा. तुनी आंडेर, रूपा, तठे वाट देखी ऱ्हायनी. आठे कोन्ही कोनले वळखत नही. त्या बाईले काय फरक पडस?"

फरक पडत होता, हे नियंत्रण कक्षातल्या बाईनंच त्याला सांगितलं होतं, सहज, कॉफी घेताना. रस्त्यावर कुणी उतरून गाडी थांबवायला लावली असं नोंदीत आलं, की पालिकेकडून त्या माणसाला पत्र जातं. समज म्हणून. वय जास्त असलं तर घरी कुणी बघायलाही येतं, ही एकटी राहू शकते का म्हणून. चांगल्यासाठीच असतं ते, ती म्हणाली. धम्मपालनं मान हलवली होती. तेव्हापासून ते वाक्य त्याच्यात कुठंतरी अडकून बसलं होतं. बघायला कुणीतरी येतं. चांगल्यासाठी.

त्याला आबा आठवला. भिका बैसाणे, त्याचा बाप. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या दिवशी धम्मपाल जलद गाडीवर होता, गाडीत तपासणीचे साहेब बसलेले, मधे कुठंही थांबायचं नाही असं बजावलेलं. आपल्याच गावच्या फाट्यावर त्यानं लांबूनच आबाला ओळखलं. पांढरी टोपी, हातात पिशवी, उजवा हात वर. आबाला माहीत नसणार ही जलद आहे. त्याला एवढंच माहीत की पोराची गाडी आहे. धम्मपाल सत्तरच्या वेगानं निघून गेला. आरशात बघितलं. आबा हात वर ठेवून तसाच उभा होता, धुरळ्यात, गाडी गेल्यावरही, जशी काही तिच्या मागून अजून एक यायची होती. संध्याकाळी घरी चुलता आलेला होता. चुलता म्हणाला, काय रे, बापाले रस्तावर सोडी दिधं? धम्मपाल काही बोलायच्या आत आबाच म्हणाला, "मी निंबना आडे उभा व्हतू, त्याले काय दखासू." आणि चुलीकडे तोंड करून बिडी पेटवली. निंबाच्या आड तो नव्हता. उघड्यावर होता, रस्त्याच्या काठावर, पुढं वाकून. ते दोघांनाच माहीत होतं. चूक आबानं स्वतःच्या अंगावर घेतली, आणि ती घेतली म्हणूनच ती कधी बोलून संपवता आली नाही. दोन वर्षांनी आबा गेला. आता पाचव्या रकान्यात पुन्हा तेच लिहायचं होतं. ती पुढं आली. ती आड होती. ती दिसली नाही. काहीही लिहिता येत होतं, फक्त दोष हात वर करणाऱ्याचा पाहिजे.

रविवारी त्याची सुट्टी होती. तो बागेच्या रस्त्यापर्यंत बसनं गेला आणि तिथून चालत. प्रवासी म्हणून बसल्यावर त्याला आपलीच लाईन ओळखू येईना. किती हळू जाते ही, आणि सगळे किती गप्प. पुढच्या सीटवर एक कुत्रा बसला होता, तोही गप्प. तीनशे मीटर खरे तर दोनशेच होते. वाफ्यात ती बाई वाकून घेवड्याच्या वेलांना काठ्या बांधत होती. त्याला बघून सरळ झाली. वर्दी नव्हती तरी तिनं ओळखलं.

"तुम्ही तो," ती म्हणाली.

"मी तो," तो म्हणाला. पुढचं वाक्य त्यानं गाडीत बसून जुळवलं होतं, ते आता आठवेना. "तुम्ही हात केला. मला वाटलं, यायचंय."

"मी रोज करते. सहाच्या बसला." तिनं मनगटाच्या मागच्या बाजूनं कपाळ पुसलं. "बस गेली की मी पाणी घालायचं थांबवते. नाहीतर माझं भान राहत नाही. म्हणून हात करते, गेलीस का, बरं झालं. तेवीस वर्षं झाली. थांबलेले तुम्ही पहिले."

"आमच्याकडे हात केला की थांबतात."

"सगळ्यांसाठी?"

"सगळ्यांसाठी."

तिनं थोडा विचार केला. "मग तुमच्या गाड्या पोचतात कधी?"

त्याला हसू आलं. पोचतात, तो म्हणाला. तिनं त्याला घरातून सरबत आणून दिलं, तिच्या झाडाच्या सफरचंदांचं, गडद आणि आंबट. तो उभ्यानंच प्यायला. पेला परत देताना ती म्हणाली, "माझं काही चुकलं का? मला कुणी विचारायला येणार आहे का?" आवाज तसाच, पण पेला तिनं दोन्ही हातांनी धरला होता. तिच्या मैत्रिणीला असंच कुणी बघायला आलं होतं. आता ती मैत्रीण वृद्धाश्रमात वरच्या मजल्यावर राहते, खिडकी उघडत नाही तिची. "मी आता नाही करणार हात," ती म्हणाली. "तुम्हाला त्रास नको."

करा, त्याला म्हणायचं होतं. हात करा, मी नाही थांबणार. पण या भाषेत ते नीट कसं म्हणायचं हे त्याला कळेना. जे जमलं असतं त्यात हुकूम आला असता, किंवा दया.  मग तिनं घेवड्याच्या वेलीकडे बोट केलं, म्हणाली, तुमच्याकडे हा होतो? होतो, तो म्हणाला. एवढा उंच? याहून उंच. ती म्हणाली, खोटं, आणि दोघांना जरा बरं वाटलं.

रात्र पडायच्या आत, म्हणजे नऊच्या उन्हात, त्यानं स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून पाचवा रकाना भरला. *रस्त्यावर कोणी उतरलं नव्हतं. बाई आपल्या वाफ्यात होती. तिनं हात केला. मी पूर्वी जिथं गाडी चालवत होतो तिथं हात केला की थांबतात. मी विचार न करता थांबलो. चूक माझी आहे.* शब्द कुठं चुकले असतील तर भटूनं बघावेत म्हणून त्यानं कागद त्याच्यापुढं सरकवला. भटूनं तो वाचला, पुन्हा वाचला, एक स्पेलिंग नीट केलं आणि कागद परत दिला. "तुनी मर्जी," तो म्हणाला. मग उठून त्यानं धम्मपालच्या ताटात वाढलं, आधी त्याच्या, मग स्वतःच्या.

*फक्त कार्यालयासाठी*

सहावा रकाना त्याचा नव्हता. डेपोच्या मुख्य बाईनं चष्मा लावून सगळं वाचलं. खिडकीबाहेर गाड्या धुतल्या जात होत्या.

"कुठंही थांबता? हात केला की?"

"उतारावर नाही."

"मग थांब्यांचं काय करता?"

"तिथं लोक सावलीला बसतात."

ती हसली नाही, पण ओठांच्या कडेला काहीतरी हललं. "ती रस्त्यावर आली असं तुम्ही लिहिलं असतं, तर हा कागद मला आजच बंद करता आला असता."

"माहीत आहे."

"मग?"

"ती आली नव्हती."

तिनं थोडा वेळ पेनाचं टोपण लावलं, काढलं. त्यानं या देशात आल्यापासून पहिल्यांदाच कुणाला असं ताटकळताना बघितलं. मग ती म्हणाली, विचार न करता थांबलो असं एखादा ड्रायव्हर लिहून देतो, तेव्हा मला त्याला एकट्याला सोडता येत नाही, हे तुम्हालाही पटेल. तीन महिने पुन्हा शिकवणाऱ्याबरोबर. जूनमध्ये कायम नाही. सप्टेंबरअखेर बघू. नोकरी आहे, ती जात नाही. तिनं सहाव्या रकान्यात तीन ओळी लिहिल्या, सही केली आणि कागद आपल्या बाजूला ठेवून घेतला. दाराशी तो वळला तेव्हा ती म्हणाली, "पाल, तुमचं पूर्ण नाव कसं म्हणतात?" त्यानं सांगितलं. तिनं म्हणून बघितलं. बरंच जमलं.

धुळ्यात तेव्हा दुपारचे चार वाजत होते. मृणाली सकाळची पाळी करून दवाखान्यातून आली असणार, केस धुऊन बसली असणार. डेपोच्या कँटीनमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावरून त्यानं फोन लावला.

"खरं लिहिलं?" तिनं विचारलं.

"हो."

"भटूभाऊंनी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलं होतं. तिला पत्र गेलं असतं, मृणाली. घरी माणसं आली असती."

"ती कोण आपली?"

 पंख्याचा आवाज येत होता, त्यांच्या घरातला, एका पात्याला किंचित बाक असलेला. मृणालीनं श्वास घेतलेला ऐकू आला, सोडलेला आला नाही. "किती?" तिनं विचारलं. तीन महिने, तो म्हणाला. मग कागद. मग व्हिसा. नवं वर्ष उजाडेल. "म्हणजे पाचवी इथंच," ती म्हणाली. "सोमवारी जाते शाळेत. जागा उरल्या असल्या तर. नाहीतर शाळेच्या मोठ्या बाईंना हात जोडते." ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पुढच्या कामाला लागली होती, दवाखान्यात लागते तशी. "रूपाला तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मी नाही सांगणार. मी फार वेळा सांगितलंय तिला, जूनमध्ये म्हणून."

"पप्पा," रूपा म्हणाली.

त्यानं सांगितलं. कागदावर लिहिलं त्यापेक्षा हे अवघड होतं. इथं रकाने नव्हते.

"ती आजी बसली का मग गाडीत?"

"नाही."

"मग हात कशाला केला?"

"असाच. टाटा करतो ना आपण, तसा."

 दहा वर्षांची पोर विचार करत होती, आणि तो टेबलाची कड धरून त्या विचाराची वाट बघत होता. "मग तुम्ही पण टाटा करायचा ना," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "तेच करायला पाहिजे होतं."

"बरं." मग फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला आणि तिचा आवाज लांब गेला. "आई, मग माझी सायकल? मोनालीला दिली ती."

"दिलेली वस्तू परत मागायची नसते."

"मागत नाही. उसनी घेऊ. शाळा लांब आहे ना ती, पाचवीची. मी काय चालत जाऊ?"

"तिनं सीट वर करून घेतलीय आता. तिची उंची बघ, तुझी बघ."

"मग मी खाली करीन. पाना कुठंय पप्पांचा?"

"मला काय माहीत तुझ्या पप्पांचा पाना. बघ त्या खणात."

"बाथरूमच्या वरच्या फळीवर," धम्मपाल फोनमध्ये म्हणाला. कुणी उत्तर दिलं नाही. खण ओढल्याचा आवाज आला, आत चमचे, चाव्या, काहीबाही खणखणलं. इथं नाही, रूपा म्हणाली. कपाटात बघ, मृणाली म्हणाली. "बाथरूमच्या वरच्या फळीवर," तो पुन्हा म्हणाला, जरा मोठ्यानं, आणि शेजारच्या टेबलावरच्या दोन ड्रायव्हरांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. त्यानं त्यांना हातानंच काही नाही म्हटलं. "तेरा-चौदाचा पाना. कापडात गुंडाळलाय." तिकडे कपाट उघडलं. तिकडे स्टूल सरकलं, आणि दोघी भांडत भांडत घरभर शोधत राहिल्या, एकेक खोली, फळी सोडून सगळीकडे.